मंग ती घान कोठे गयी?

दिवाळीनंतर दोन दिवस मामांकडे चोपड्याला जाऊन आले. मामा दिवसभर केळीच्या कापणीत होते, बोलायला वेळच नव्हता, रात्री जेवणं झाली (भरीत आणि कळण्याची भाकरी, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन) आणि अंगणात खाटा टाकून बसलो तेव्हा मामांनी एकदम विषय काढला, बरेच दिवस मनात घोळत असणार त्यांच्या. "काय वं पोरी, तू पानीनं काम करस ना, मंग माले सांग, ती काकरापारनी भट्टी शे ना, तिनं पानी तापीमा सोडतस का? मना पोऱ्या सुरतले ऱ्हास, त्या तापीनंच पानी पेतस."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपली तापी भुसावळवरून, चोपडा-शिरपूरवरून, पुढे नंदुरबारच्या कडेने गुजरातेत उकाईच्या धरणात जाते, आणि उकाईच्या खाली काकरापारचा बंधारा आहे, तिथे व्याऱ्याजवळ अणुवीज केंद्र आहे. पहिलं युनिट १९९३ चं, दुसरं १९९५ चं, दोन्ही २२० मेगावॉटची, आणि आता ७०० मेगावॉटची दोन नवी युनिटं, एक २०२३ मध्ये आणि एक २०२४ मध्ये सुरू झालं. त्याच्याही खाली सुरत. म्हणजे तिकडचं पाणी आपल्याकडे येत नाही, आपलं पाणी तिकडे जातं. पण खान्देशातली निम्मी घरं अशी आहेत की ज्यांचं कोणी ना कोणी सुरतच्या उधना-लिंबायतला राहतं, त्यामुळे "आपल्याला काय त्याचं" असं म्हणायची सोय नाही. आणि २०१६ च्या ११ मार्चला काकरापारच्या पहिल्या युनिटमध्ये कूलंट चॅनलमधून, म्हणजे भट्टी थंड ठेवणाऱ्या नळीतून, जड पाण्याची (ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असतो) गळती झाली होती आणि भट्टी बंद करावी लागली होती, ते मामांनी तेव्हा टीव्हीवर बघितलेलं, ते त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही.

आता मी अणुभट्टीत कधी काम केलेलं नाही, हे आधीच सांगते. मी केमिस्ट आहे, गेली एकोणीस वर्षं कारखान्यांच्या डीएम प्लांटवर, म्हणजे बॉयलरला लागणारं पाणी शुद्ध करायचं काम. कॅटायन बेड, डीगॅसर, अनायन बेड, मिक्स्ड बेड, शिफ्टला आलं की कंडक्टिव्हिटी बघायची, सिलिका बघायचा, बेड, म्हणजे रेझिन नावाच्या प्लास्टिकच्या मण्यांचा थर, संपला की रिजनरेशन लावायचं, म्हणजे तो धुऊन परत कामाला तयार करायचा. पण अणुभट्टीचं किरणोत्सारी पाणी ज्यानं साफ करतात ते रेझिन आणि माझ्या टाकीतलं रेझिन एकाच घराण्यातलं आहे, आणि त्यामुळे या विषयावर जे हाती लागेल ते मी वाचत आले आहे, कारण मला खरंच वाटतं की हे आपल्याकडे सगळ्यांना कळायला हवं आणि ते कळण्यासारखं आहे, अवघड नाही.

मामांना मी डाळीपासून सांगायला सुरुवात केली. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त, म्हणून. सॉफ्टनर लावला की त्यातल्या पिवळसर मण्यांमधून पाणी जातं, मणी मोहरीपेक्षा लहान, मिलिमीटरच्या आतबाहेर, पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे, त्यांच्या अंगाला ऋण भाराच्या जागा असतात आणि त्या जागांवर सुरुवातीला सोडियम बसलेला असतो. कॅल्शियम आला की सोडियम उठतो, कॅल्शियम बसतो. बस, एवढंच. गाळणं नाही, चाळणी नाही, जागेची अदलाबदल. एसटीत खिडकीच्या जागेवर पोरगं बसलेलं असतं आणि आजोबा चढले की ते उठून जागा देतं, तसं. पाण्याची हार्डनेस ५०० च्या आसपास असेल तर एक लिटर रेझिन साधारण शंभरेक लिटर पाणी मऊ करतं आणि मग भरतं, मग त्यावरून मिठाचं घट्ट पाणी सोडायचं, एवढा सोडियम एकदम आला की कॅल्शियमला उठावंच लागतं, आणि रेझिन परत कामाला तयार.

मामा म्हणाले हे जमिनीसारखं झालं. आणि मला इतका आनंद झाला, कारण ही गोष्ट सापडली तीच मुळात जमिनीत! इंग्लंडमध्ये थॉम्पसन नावाच्या शेतकऱ्यानं बघितलं की अमोनियम सल्फेटचं पाणी मातीतून गाळलं तर खालून अमोनियम निघतच नाही, जिप्सम निघतं, आणि मग वे नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं त्यावर प्रयोग करून १८५० मध्ये ते छापलं. म्हणजे माती अमोनियम धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत खत टिकतं आणि मुरमाड बरडात निथळून जातं, हे मामांच्या आजोबांनाही माहीत होतं, त्याच्या मागचं कारण हेच, काळ्या चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो, पालाश त्याला चिकटून बसतो. कारखान्यातलं रेझिन फार नंतर आलं, १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स या दोघांनी पहिलं कृत्रिम रेझिन बनवलं, आणि पॉलिस्टायरीनचं त्याच्याही नंतर, १९४० च्या दशकात.

पालाशचा विषय निघाला म्हणून मी केळीवर आले. ड्रिपमधून पोटॅश सोडतात ना, म्युरेट ऑफ पोटॅश, त्यातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० नावाचा एक किरणोत्सारी भाऊ निसर्गतःच असतो, दर दहा हजारात एखादा अणू. तो पृथ्वी झाली तेव्हापासूनचा आहे. त्यामुळे प्रत्येक केळात साधारण १५ बेकेरेल किरणोत्सार असतो, बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. मामा जरा गप्प झाले. मी घाईनं पुढचं सांगितलं की आपल्या सगळ्यांच्या अंगात चार हजार बेकेरेलच्या वर पोटॅशियम-४० असतोच, तुमच्या, माझ्या, मामींच्या, आणि शरीर पोटॅशियम ठरल्याइतकाच ठेवतं, दहा केळी खाल्ली तरी जास्तीचा बाहेर टाकतं, त्यामुळे केळानं काही होत नाही. हे मी घाबरवायला सांगितलं नाही. सांगितलं ते यासाठी की पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे, शरीराला आणि मातीला आणि रेझिनला अणू किरणोत्सारी आहे की नाही हे कळत नाही, त्यांना फक्त तो कोणासारखा वागतो ते कळतं.

अणुभट्टीत युरेनियम फुटला की जे तुकडे होतात त्यात सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० हे दोन फार त्रासाचे. सिझियम हा पोटॅशियमच्या घरातला, आवर्तसारणीत त्याच उभ्या रांगेत खाली बसलेला, म्हणून तो पोटॅशियमच्या वाटेनं जातो, पिकात, दुधात, स्नायूंत. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या घरातला, म्हणून तो हाडांत जाऊन बसतो आणि तिथून लवकर निघत नाही. फुकुशिमाच्या अपघातानंतर जपाननं भातशेतीत जास्तीचं पोटॅश टाकलं, का, तर रोपाला पोटॅशियम भरपूर मिळालं की ते सिझियम कमी उचलतं. मामांना हे लगेच पटलं, मला वाटतं त्या रात्री सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट ती. आणि उलट बाजूनं बघितलं तर ज्या वागण्यामुळे हे दोघे अंगात घुसतात त्याच वागण्यामुळे ते रेझिनवर अडकतात. सिझियमला पाण्यात धन भार आहे, स्ट्रॉन्शियमला दोन धन भार आहेत, सॉफ्टनरमध्ये कॅल्शियम जसा बसतो तसा स्ट्रॉन्शियम बसतो. आयोडीनला ऋण भार असतो, तो अनायन रेझिनवर, म्हणजे ऋण भारवाले पकडणाऱ्या रेझिनवर.

मग अडचण काय? अडचण प्रमाणाची. ही आकडेमोड मी मामांच्या समोर मोबाईलवर करून दाखवली, इथेही करते. एक ग्रॅम सिझियम-१३७ मध्ये सेकंदाला ३.२ लाख कोटी अणू फुटतात. म्हणजे एक मिलिग्रॅममध्ये ३२० कोटी. आता गावाची दहा लाख लिटरची पाण्याची टाकी धरा, त्यात एक मिलिग्रॅम सिझियम मिसळला तर लिटरला ३,२०० बेकेरेल होतात, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी आहे लिटरला १० बेकेरेल, म्हणजे तिनशेवीस पट. एक मिलिग्रॅम, चिमटीत धरला तर दिसणारही नाही! आणि त्याच टाकीत साधा सोडियम किती असेल, लिटरला १०० मिलिग्रॅम धरला तर १०० किलो. म्हणजे दहा कोटीला एक. दादर ज्वारीचे दहा कोटी दाणे म्हणजे साधारण ३० क्विंटल, ट्रॅक्टरची ट्रॉली भरेल, त्या ट्रॉलीत एक दाणा वेगळा आहे आणि तो काढायचाय. साधं रेझिन लावलं तर ते बिचारं सोडियम-कॅल्शियमनंच भरून जाईल, सिझियमला जागाच उरणार नाही.

म्हणून असं रेझिन लागतं जे माणूस ओळखून जागा देतं. इथे एक छान गोष्ट आहे. पाण्यातला प्रत्येक आयन, म्हणजे भार असलेला अणू, अंगावर पाण्याचं पांघरूण घेऊन फिरतो, सोडियम लहान पण त्याचं पांघरूण जाड, सिझियम मोठा पण त्याचं पांघरूण पातळ आणि सैल, त्यामुळे सिझियम ते टाकून अरुंद जागेत शिरू शकतो आणि सोडियम शिरत नाही. ज्या पदार्थात बरोबर तेवढ्याच मापाची भोकं आहेत तो सिझियम पकडेल आणि सोडियम जाऊ देईल. असा पदार्थ म्हणजे झिओलाइट, आणि झिओलाइट म्हणजे आपला दगड हो! माझ्या आत्याच्या शेतात, जामनेरच्या पुढे अजिंठ्याच्या डोंगराकडे, विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमधून पांढरे-गुलाबी चकाकणारे गड्डे निघायचे, आम्ही पोरं त्यांना गारगोट्या म्हणायचो आणि दप्तरात घालून फिरायचो. ते गुलाबी पंख्यासारखे स्फटिक म्हणजे स्टिल्बाइट, हे मला एमएस्सीला आल्यावर कळलं. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेटनं असाच दगड तापवला आणि त्यातून पाणी उकळून बाहेर यायला लागलं म्हणून झिओलाइट, उकळणारा दगड, असं नाव ठेवलं. आत्याच्या विहिरीतल्या दगडानं कोणी अणुभट्टीचं पाणी साफ करत नाही, त्यासाठी दुसऱ्या जातीचे झिओलाइट लागतात, काही खाणीतले आणि काही कारखान्यात बनवलेले, पण घराणं तेच.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडला २८ मार्च १९७९ ला अपघात झाला तेव्हा इमारतींमध्ये किरणोत्सारी पाणी साचलं होतं. बाजूच्या इमारतीतलं कमी तीव्रतेचं पाणी त्यांनी रेझिनच्या टाक्यांमधून काढलं, आणि भट्टीच्या इमारतीच्या तळघरातलं जहाल पाणी झिओलाइटमधून. आणि त्या झिओलाइटच्या टाक्या ठेवल्या कुठे, तर जळालेलं इंधन साठवायच्या तलावात, पाण्याखाली! कारण सिझियम पकडून पकडून त्या टाक्या स्वतःच इतक्या किरणोत्सारी होणार होत्या की वर पाण्याचा थर असल्याशिवाय माणूस जवळ जाऊ शकला नसता. फुकुशिमाला २०११ मध्ये भट्ट्या थंड करायला समुद्राचं पाणी ओतलं गेलं, म्हणजे सोडियमचा महापूर, तिथे जून २०११ मध्ये पहिली सिझियमची यंत्रणा लागली तीही झिओलाइटचीच. त्यानंतर २०१३ पासून त्यांची मोठी यंत्रणा, आल्प्स म्हणतात तिला, बासष्ट प्रकारचे किरणोत्सारी घटक काढण्यासाठी बनवलेली, आधी लोह आणि कार्बोनेटबरोबर साका बसवायचा आणि मग एकामागे एक वेगवेगळ्या पदार्थांचे टॉवर. त्यातल्या एका जातीचा पदार्थ फेरोसायनाइड, म्हणजे चित्रकलेच्या पेटीतला प्रशियन ब्लू त्याच्याच कुळातला. ब्राझीलमध्ये १९८७ ला गोयानिया शहरात भंगारात गेलेल्या रेडिएशनच्या मशीनमधला सिझियम लोकांनी हातात घेतला आणि चार जण गेले, तेव्हा बाकीच्या रुग्णांना हाच निळा रंग औषध म्हणून पोटात दिला होता, तो आतड्यात सिझियम पकडतो आणि बाहेर नेतो.

आणि आपल्याकडे, याचा मला फार अभिमान वाटतो, भाभा अणुसंशोधन केंद्रानं स्वतःचं रेझिन बनवलं, रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडचं. अल्कधर्मी पाण्यात, भरपूर सोडियम असतानासुद्धा, ते सिझियम उचलतं. त्याच्या जोडीला स्ट्रॉन्शियमसाठी इमिनोडायॲसेटिक आम्लाचं रेझिन. आणि रेझिन भरलं की सौम्य नायट्रिक आम्लानं धुतलं की सिझियम थोड्याशा द्रावणात उतरतो आणि रेझिन पुन्हा वापरता येतं. आपल्याकडे अणुकचऱ्यातून वेगळा काढलेला सिझियम काचेत वितळवून त्याच्या कांड्या करतात आणि त्या रक्तपेढ्यांमध्ये रक्तावर किरण सोडायच्या मशीनमध्ये बसवतात. ज्याला आपण कचरा म्हणतो त्याची अशी वस्तू होते, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

काकरापारच्या भट्टीच्या आतही रेझिन चोवीस तास चालू असतं. तिथे साधं पाणी नाही, जड पाणी असतं, प्रचंड महाग, आणि ते सतत रेझिनच्या कॉलममधून फिरवून स्वच्छ ठेवतात. त्यात एक गंमत अशी की नवीन रेझिनच्या मण्यात निम्मं वजन साध्या पाण्याचं असतं, ते तसंच लावलं तर जड पाण्यात साधं पाणी मिसळेल, म्हणून आधी त्या रेझिनमधलं साधं पाणी काढून जड पाणी भरतात आणि वापरून झाल्यावर टाकण्याआधी जड पाणी परत काढून घेतात. आमच्याकडे रेझिन चार्ज करताना पोती फोडायची आणि ओतायची, बस.

मामांनी मग बरोबर विचारलं की सगळंच पकडलं जातं का. नाही. ट्रिटियम पकडला जात नाही. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच जड भाऊ, तो पाण्यात विरघळलेला नसतो, तो पाणीच झालेला असतो, आणि पाण्यातून पाणी रेझिन कसं वेगळं करणार. फुकुशिमानं २४ ऑगस्ट २०२३ पासून साफ केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली ते ट्रिटियमसकट, समुद्राच्या पाण्यात मिसळून, लिटरला १,५०० बेकेरेलच्या खाली आणून. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ट्रिटियमची पातळी १०,००० आहे, त्याचे किरण फार कमजोर असतात म्हणून ती सिझियमपेक्षा इतकी मोठी. आपल्याकडे केंद्रातून किती काय सोडायचं याची मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं आणि प्रत्येक केंद्राच्या जवळ पर्यावरण तपासायची वेगळी प्रयोगशाळा असते, पाणी, माती, दूध, मासे यांचे नमुने घेतात. मी मामांना म्हटलं, तुमच्या मुलाला सांगा घाबरून पाणी बदलू नको, पण हे आकडे काढून वाचत जा, वाचायला शिकायला हवं आपण.

मामांचं समाधान झालं होतं. मी पण खूश होते, एवढं सगळं नीट सांगता आलं म्हणून. आणि ओट्यावर भांडी घासत असलेल्या मामी, ज्या इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांनी तिथूनच विचारलं, "पानी साफ व्हई गयं म्हनस तू, मंग ती घान कोठे गयी वं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. उत्तर माहीत नव्हतं म्हणून नाही, तर मला माझा पहिला कारखाना आठवला. नाव लिहीत नाही. नोकरीला लागून वर्ष झालं नसेल, अनायन बेडचं रेझिन संपलं होतं, रिजनरेशन करूनही सिलिका यायचा, म्हणून नवीन भरलं आणि जुनं काढून पोत्यात भरलं. जुन्या अनायन रेझिनला कुजक्या माशासारखा वास येतो, अमाइनचा, नाकात बसतो तो. ती पोती ठेकेदारानं मागच्या पडीत टाकली. मी बघितलं आणि काही बोलले नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, पोती फाटलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी नाल्याच्या कडेनं सोनेरी-तपकिरी मण्यांचे पट्टे पसरलेले, साबुदाणा सांडल्यासारखे, आणि वस्तीतली दोन पोरं ते मूठमूठ गोळा करून बाटलीत भरत होती. ते रेझिन किरणोत्सारी नव्हतं, बॉयलरच्या पाण्याचं होतं, पोरांना काही झालं नसेल. पण मी त्यांच्या हातातून बाटली घेतली तेव्हा माझे हात थरथरत होते. आम्ही एवढे दिवस पाण्याचे रिपोर्ट लिहीत होतो, सिलिका ०.०२ च्या आत, सगळं ओके, आणि पाण्यातून काढलेलं सगळं ज्यात बसलंय त्याच्यासाठी रजिस्टरमध्ये एक ओळ नव्हती.

तर मामींना मी सांगितलं की घाण कुठेच गेली नाही मामी, ती रेझिनमध्ये बसली आहे. रेझिन काहीही नष्ट करत नाही. सिझियमचा अणू जाळून जळत नाही, आम्लानं मरत नाही, तो त्याच्या वेळेनंच मरतो, तीस वर्षांनी निम्मा, आणखी तीस वर्षांनी त्याच्या निम्मा. दहा वेळा निम्मा झाला की हजारावा हिस्सा उरतो, म्हणजे तीनशे वर्षं. थोरले बाजीराव फौजा घेऊन तापी ओलांडून उत्तरेत जात होते तेव्हा ठेवलेली वस्तू आज जराशी निवली असं म्हणायचं. रेझिन काय करतं, तर लाखो लिटरमधली घाण एका पिंपात आणतं. लाखो लिटरवर तीनशे वर्षं पहारा देता येत नाही, पिंपावर देता येतो, म्हणून ते करायचं.

आयोडीन-१३१ चं तसं नाही, त्याचा निम्मा व्हायचा काळ आठ दिवस. आमच्या एका नात्यातल्या बाईंना थायरॉईडच्या कॅन्सरसाठी ते औषध दिलं होतं, तेव्हा त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं आणि तिथल्या संडासाचं पाणी वेगळ्या टाकीत साठवत होते. तिथे थांबणं हाच उपाय, ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सा.

पण भरलेल्या रेझिनचं पुढे काय, हेच या सगळ्यातलं जड काम आहे आणि यावरच सगळ्यात कमी बोललं जातं. अणुकेंद्रातलं रेझिन बहुतेक वेळा आमच्यासारखं आम्ल-कॉस्टिकनं धुऊन परत वापरत नाहीत, कारण धुतलं की ती घाण परत पाण्यात, आणि ते पाणी परत साफ करायचं. एकदा वापरायचं आणि मग सिमेंटमध्ये किंवा पॉलिमरमध्ये घट्ट बसवायचं. सिमेंटमध्ये बसवणंही वाटतं तेवढं सोपं नाही, रेझिन ओलं झालं की फुगतं आणि सिमेंटला तडे पाडतं, म्हणून किती रेझिन किती सिमेंट याचं माप फार सांभाळावं लागतं. मग ते पिंप जमिनीत बांधलेल्या काँक्रीटच्या खंदकात, किंवा जास्त तीव्र असेल तर टाइल होल म्हणतात अशा खोल पोलादी नळ्यांत, आणि भोवती विहिरी खणून भूजल तपासत राहायचं. जे सगळ्यात जहाल, ते काचेत वितळवून स्टीलच्या डब्यात. फुकुशिमातही साफ केलेल्या पाण्याचीच चर्चा जगभर झाली, पण त्या पाण्यातून निघालेला गाळ आणि भरलेले टॉवर आजही आवारातच जाड भांड्यांत रचून ठेवावे लागतात.

आणि रेझिन म्हणजे शेवटी प्लास्टिक, किरण बसून बसून ते तुटतं, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. अमेरिकेत हॅनफर्डच्या अणुकेंद्रात ३० ऑगस्ट १९७६ रोजी अमेरिशियम (एक किरणोत्सारी धातू) वेगळं करायचा रेझिनचा कॉलम फुटला. संपामुळे तो कित्येक महिने भरलेल्या अवस्थेत तसाच पडून होता, मग त्यात नायट्रिक आम्ल सोडलं, आणि स्फोट झाला. हॅरोल्ड मॅकक्लस्की नावाचे चौसष्ट वर्षांचे कामगार समोर होते, चेहऱ्यात काचा आणि अमेरिशियम घुसलं. ते वाचले, पुढे अकरा वर्षं जगले, पण लोक त्यांना भेटायला घाबरायचे. आमच्याकडे नवीन पोरगा शिफ्टला आला की मी त्याला ही गोष्ट सांगतेच, घट्ट नायट्रिक आणि रेझिन एकत्र आणायचं नाही, आणि भरलेला बेड विसरून ठेवायचा नाही.

म्हणून कोणी "आमच्या यंत्रणेनं ९९.९ टक्के किरणोत्सार काढला" असं सांगितलं की मला ते अर्धंच वाक्य वाटतं. ९९.९ कशाचा, सिझियमचा की सगळ्याचा? आधी किती होता, कारण लाखातून ९९.९ टक्के काढला तरी शंभर उरतो. आणि काढलेला कुठे ठेवला, कोणाच्या शेताजवळ, कोण बघतंय, किती वर्षं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मीटर देतो. तिसऱ्याचं उत्तर माणसानं कागदावर सही करून द्यायचं असतं.

मामी सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या की म्हणजे राख पुरावी लागतेच. आणि भांडी पालथी घालून झोपायला गेल्या.

परत आल्यावर शिफ्टला रजिस्टर उघडलं. त्या नाल्यानंतर मी जिथे जिथे काम केलं तिथे रजिस्टरमध्ये हातानं एक रकाना आखते, "जुने रेझिन कोठे". या महिन्याच्या शेवटी आमच्या दोन नंबर अनायनचं रेझिन बदलायचंय, आठशे लिटर. ठेकेदाराला सांगून ठेवलंय की पोती गेटबाहेर जातील ती आधी कुठे जाणार त्याचं पत्र दाखवल्यावर, आणि पोचल्याची मॅनिफेस्टची, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला त्या पावतीची, कॉपी माझ्या हातात आल्याशिवाय बिलावर माझी सही होणार नाही. तो म्हणाला मॅडम आजवर कोणी मागितली नाही. मी म्हटलं मी मागतेय.

काल मामींचा फोन आला होता, केळीचे वेफर्स पाठवलेत ते सांगायला. ठेवता ठेवता म्हणाल्या, "भेटनी का वं ती पावती?"

अजून नाही. मिळाली की त्यांना फोटो पाठवणार आहे.